दुपारी दोन वाजता पाहिलेलं स्थळ

माझ्या मुलीनं बारावीनंतर काय शिकावं, हे मी माझ्या साडूला विचारलं. चूक माझीच.

या जगात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझ्या साडूनं पसंत केलेली एकही वस्तू नाही, आणि वस्तू म्हणजे त्यात माणसंही आली. अनसिंगला त्याचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवतो आणि वाशीमच्या बाजारात नेतो. बियाणं घ्यायचं तर दुकानदाराचं बोलणं ऐकत नाही, ते बियाणं ज्यानं पेरलं त्याच्या वावरात जाऊन उभा राहतो. कूलर घ्यायला गेला तेव्हा दुकानातल्या चालू कूलरसमोर खुर्ची टाकून बसला आणि डुलकी लागल्यावरच त्यानं सौदा केला. हर्नियाचं ऑपरेशन निघालं तेव्हा तर तो डॉक्टरकडं गेलाच नाही. त्या डॉक्टरनं आधी कापलेली माणसं शोधत गावोगाव फिरला आणि प्रत्येकाला म्हणाला, "जरा हे पोतं उचलून दाखवा बरं." त्यातल्या एकाचे टाके कच्चे होते. त्या घरी आम्हाला अजून चहा मिळत नाही.

पाहण्याची त्याची वेळही ठरलेली. "माणूस दुपारी दोन वाजता पाहावा मास्तर. सकायी सगळेच शाहाणे असतात, संध्याकायी सगळेच थकेल असतात. दोन वाजता जो जसा हाय तसा दिसते." मलाही त्यानं असाच पाहिला होता. बायकोची मोठी बहीण त्याच्या घरात, त्यामुळे मला बघायला आलेल्या मंडळींत हा सासऱ्यांच्या शेजारी बसलेला होता, आणि मंडळी दोनलाच आली होती. परत जाताना त्यानं सासऱ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मी लग्नापासून विचारतो आहे. "टाइम आला का सांगीन," एवढंच उत्तर.

सासऱ्यांनी मला पसंत केलं ते एका शब्दावर. मी भूगोलाचा शिक्षक, आणि माझ्या नेमणुकीच्या आदेशात 'कायम' असं छापलेलं होतं. शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे नोकरी कायम होती आणि पगार यायचा होता. "लवकरच सुरू होईल," असं मी मंडळींना फार आत्मविश्वासानं सांगितलं होतं. तो टप्प्याटप्प्यानं सुरू झाला तेव्हा माझी मुलगी वैष्णवी शाळेत जायला लागली होती. मधली वर्षं बायकोच्या शिलाई मशीनवर गेली. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज आणि साड्यांचे फॉल यांनी आमचं घर चालवलं. मी त्या काळात पाचवी ते दहावीच्या पोरांना भारताची खनिज संपत्ती शिकवत होतो.

त्यामुळे वैष्णवी बारावी झाली तेव्हा मी एकच गोष्ट ठरवून होतो. महिन्याच्या महिन्याला पगार येईल असंच काहीतरी हिनं शिकायचं. फार्मसी, नर्सिंग, कॉम्प्युटर, मला सगळंच सारखं होतं. साडूला विचारलं तर तो म्हणाला, "शिक्षण म्हंजे काय? पोरगी द्यायचंच काम ना? मंग स्थळ पाहा लागन."

आणि आम्ही खरंच स्थळं, म्हणजे ते ते शिकलेली माणसं, पाहायला निघालो. त्याच्या मोटारसायकलवर पुढं तो, मागं वैष्णवी आणि मधे मी, मांडीत भाजीच्या कॅरेटची दोरी रुतलेली. पहिलं स्थळ वाशीममधल्या एका मेडिकलच्या दुकानातला फार्मसी झालेला पोरगा. बिचारा उभाच होता. साडूनं काउंटरवर कोपर टेकवून त्याला विचारलं, "जेवला काय बापा?" तो म्हणाला, "गर्दी कमी झाली का जेवतो." गर्दी कमी होईपर्यंत साडू तिथंच उभा राहिला, म्हणजे गर्दी एका माणसानं वाढली. शेवटी ॲसिडिटीची गोळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "एक बी गिऱ्हाईक हासत आलं नाई. नापास." दुसरं स्थळ ओळखीच्या एका नर्सबाईंचं. त्या झोपलेल्या होत्या. "मोठे बाबा, त्याईची रात्रपाळी होती," वैष्णवीनं सांगून पाहिलं. "असन. पर दोन वाजता स्थळ झोपेल हाय," साडू म्हणाला. त्याच्या न्यायाला अपील नाही.

तिसरं स्थळ धनजचं. तिथला एक इंजिनीअर घरूनच कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतो, असं कळलं होतं. एसटीनं गेलो. त्याच्या आईनं ओठांवर बोट ठेवूनच स्वागत केलं. "हळू बोला भाऊ, मिटिंग चालू हाय." आम्ही बंद दारासमोर तिघं ओळीनं बसलो. अधूनमधून आतून "येस, येस" ऐकू यायचं. एकदा दार किलकिलं झालं, एक हात बाहेर आला, पाण्याची बाटली घेऊन आत गेला. बाकी माणूस काही दिसला नाही. मला मात्र ते दार फार आवडलं. त्याच्याआड दर महिन्याला पगार होत होता. परतीच्या गाडीत मी तसं म्हणालोही. साडूनं मान हलवली. "पगार लय असन. पर दार पाहून पोरगी देता येत नाई मास्तर."

आमची यावर चांगली तासभर जुंपली. त्या भरात खिडकीजवळ बसलेली वैष्णवी म्हणाली, "मले कोणी विचारणार हाय का?"

खरंच, हे कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मले भूगोल घ्यायचा हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "घरात एक उपाशी भूगोल पुरे आहे." ती खिडकीबाहेर पाहू लागली. पुढचा थांबा आला तेव्हा साडूनं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग ते बी स्थळ पाहा लागन. उद्या येतो."

"कोणाकडं?"

"तुमच्याकडं. भूगोल शिकेल दुसरा कोण हाय आपल्यात?"

मी रात्रीच ठरवलं, नापास व्हायचं. पोरीच्या पोटाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भोकांचं बनियन घातलं. बायकोला सांगितलं, मशीन जोरात चालव, या घरात कोण कमावतं ते पाहुण्याला ऐकू जाऊ दे. "त्याले माईत हाय," ती म्हणाली, पण चालवलं. बरोब्बर दोन वाजता साडू धुतलेला शर्ट घालून, कोथिंबिरीची जुडी घेऊन हजर. जणू मला पहिल्यांदाच पाहतो आहे अशा थाटात बसला. वैष्णवीनं पाणी आणून दिलं. मी लगेच रडगाणं सुरू केलं: अनुदान, थकबाकी, तासिका कमी होतात, पोरं विज्ञानाकडं पळतात. त्यानं ते सगळं शांतपणे ऐकलं, पाण्याच्या गिलासाकडं पाहिलं आणि सहज विचारलं, "मास्तर, आपल्या जिल्ह्यातलं पाणी जाते कुठं?"

इथं माझा घात झाला.

मी म्हणालो, कुठं म्हणजे? दोन समुद्रांना. तो म्हणाला, काहीतरीच. मग मी उठलो, स्वयंपाकघरातून परात आणली, पालथी घातली, म्हणालो, हा आपला डोंगराळ भाग, आणि त्याच्या हातातला गिलास घेऊन परातीवर ओतला. हे पाणी काटेपूर्णेनं उत्तरेला गेलं, पूर्णेला मिळालं, तापीत गेलं, सुरतेजवळ अरबी समुद्रात. आणि हे पैनगंगेनं गेलं, वर्धेला मिळालं, पुढं गोदावरी, बंगालचा उपसागर. म्हणजे बांधाला बांध लागून दोन भावांची वावरं असली, तरी एकाचं पाणी पश्चिमेला आणि दुसऱ्याचं पूर्वेला जाऊ शकतं, आणि दोघांना ते ठाऊक नसतं. मी बोलत होतो, फरशीवर पाणी पसरत होतं, साडूनं पाय वर घेतले होते. चहा कधी आला आणि कधी निवला ते मला कळलं नाही. मशीन थांबल्याचंही फार उशिरा कळलं. बायको दारात उभी होती.

साडूनं थंड चहा एका घोटात संपवला. "स्थळ गरीब हाय," तो म्हणाला, "पर जागं हाय."

"जागं राहून पोट भरत नाही," मी म्हणालो. तेव्हा वैष्णवीनं सगळं सांगितलं. भूगोल घेतला की पुढं उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करायचं शिक्षण असतं, धरणांना, रस्त्यांना, पीकविम्याला ती माणसं लागतात, ती चौकशी तिनं आधीच केली होती. "आन नाईच भेटली नोकरी, तर मले शिलाई येते. आईनं शिकवली हाय." मी त्या मशीनकडं पाहिलं. माझ्या आदेशावर 'कायम' लिहिलेलं होतं, पण कायम चाललं होतं ते हे. पोरीनं ते माझ्याआधी ओळखलं होतं.

ती आता अमरावतीला शिकते. पुढं नोकरी लागेल की नाही ते मला माहीत नाही, आणि अजूनही काही रात्री मला ते धनजचं बंद दार आठवतं. साडू हल्ली कुठं जात नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. ऑपरेशन करायला तयार नाही, कारण आधी त्या डॉक्टरनं ऑपरेशन केलेली माणसं पाहायला हवीत, आणि पाहायचं तर दिसत नाही. मागच्या आठवड्यात मी आणि बायको अनसिंगला गेलो. मळ्यात बाजेवर बसून तो मेथीच्या पानांवरून बोट फिरवत होता. मी म्हणालो, चला, तुमच्याऐवजी मी ती माणसं पाहून येतो.

"तुमी?" तो हसला. "तुमी तं दारावर बी पोरगी देता."

त्यानं मेथीचं एक पान खुडून वास घेतला. मग आपणच म्हणाला, "तुमाले पाहाले आलो होतो, तवा बी तुमी नदीवरच बोलून राह्यले होते. सासऱ्याले कानात म्हटलं, हा माणूस पोरीले उपाशी ठेवन, पर घरात बोलणं काई कमी पडणार नाई."

मी बायकोकडं पाहिलं. ती मेथीची जुडी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन्ही खरं निंगालं."