हातमोजे नापास

माझ्या नणंदबाई कारखान्याच्या खरेदी विभागात कारकून आहेत आणि घरीही कारकूनच. भेंडी मोडून बघतात, साबण हुंगून बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही त्यांनी तसंच पारखून घेतलं होतं. आमचे खटके उडतात ते उगाच नाही. पण गेल्या आठवड्यापासून माझं डोकं फिरलंय ते त्यांच्यावर नाही.

कारखान्यात ॲसिडच्या टाक्या आहेत. आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, टाकीवरच कामाला. तिथले रबरी हातमोजे वन्सं खरेदी करतात. त्यांची एक रीत आहे. माल आला की कुठलाही मोजा उचलायचा, बेसिनपाशी पाण्याने भरायचा, तोंड पिळून धरायचं आणि बघत उभं राहायचं. या खेपेला बोटातून थेंब आला. दुसरा भरला, तोही गळका. वन्संनी सगळा माल नापास केला.

साहेब तडकले. "तीन कोटेशनं मागवली, सगळ्यांत स्वस्त तेच घेतलं. नियमात बसतंय ना?"

"बसतंय की. पण ॲसिडला नियम वाचून कोण दाखवणार?"

जुने मोजे फाटलेले, नवे अडलेले. टाक्या बंद पडल्या, माणसांचा रोज बुडाला. मग ती माणसं भांडायला आली ती साहेबांकडे नाही, वन्संच्या टेबलाशी! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर आमचे हे.

"ताई, कर ना सही. सगळे मला टोचून बोलतात. आजवर काय झालंय कुणाला?"

"मी नापास करत आले म्हणून नाही झालं, गाढवा!"

शेवटी साहेबांनी गोदामवाल्याची सही घेतली आणि टाक्या सुरू झाल्या. त्या दिवशी सकाळी मी ह्यांना दारात अडवलं. "मग घर कशावर चालवू?" म्हणाले. मी दारातून बाजूला झाले, त्याचा संताप अजून जात नाही.

तेव्हापासून हे घरी आले की वन्सं दारातच म्हणतात, "हात दाखव." हे चिडून दोन्ही हात पुढे करतात. काल अंगठ्यापाशी कातडी सोललेली होती.

"थोडंसंच आहे," हे पुटपुटले.

वन्संनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "चप्पल घाल गं," त्या मला म्हणाल्या. "साहेबांचं घर मला माहीत आहे."

एरवी भाजी आणायलाही आम्ही दोघी एकत्र जात नाही. काल ह्यांना मधे धरून निघालो.