इग्नातिसची तुटक हाक

आमच्या स्काला या बंदरगावात ईस्टर जवळ आला की घरांना चुना लागतो आणि बोटींना ऑइलपेंट. इग्नातिस कानारेलिसकडे बोट नव्हती. त्याचे वडील बोटी बांधायचे, आजोबाही बांधायचे. पण इग्नातिसला लहानपणापासून समुद्रात चार हात आत गेलं तरी मळमळायचं. म्हणून त्याने जुनी पिकअप घेतली आणि भाजी विकायला डोंगराची वाट धरली. तरी घराण्याची सवय सुटली नाही. सगळे धक्क्यावर बोटी रंगवायला बसले की हाही त्यांच्या रांगेत पिकअप उभी करायचा आणि ब्रश घेऊन बसायचा. रंग बोटीचाच, वडिलांच्या शेवटच्या बोटीला होता तोच निळा.

आणि रंगवणं म्हणजे नुसतं वरवर नाही. तो एकेक बोल्ट काढायचा, खाली रंग द्यायचा, वाळला की पुन्हा घट्ट बसवायचा. बॉनेटच्या आत, बॅटरीच्या खाली, दिव्यांच्या मागे, सगळीकडे. "उघडं लोखंड दिसलं की समुद्र ते खातो," असं वडिलांनी सांगितलं होतं. तीस वर्षांत त्या गाडीवर गंजाचा एक ठिपका पडला नाही. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या शाळेचं फाटकसुद्धा तिच्यापेक्षा म्हातारं दिसत होतं.

गाडीची वीज मात्र बिथरली होती. उजवा इंडिकेटर दिला की डावा दिवा मंद व्हायचा. ब्रेक दाबला की वायपर थरथरायचे, जणू कोणी रागावलंय. आणि सगळ्यात प्रसिद्ध होती ती त्याची हाक. टपावर भोंगा, हातात माइक. गावात शिरताना तो नियमाप्रमाणे चारी इंडिकेटर चालू करायचा, आणि दिवे लागले की भोंगा गप्प, दिवे विझले की भोंगा चालू. "बटाटे घ्या, पातीचा कांदा घ्या, शेपू घ्या, ताजा शेपू!" असं तो माइकमध्ये म्हणायचा. डोंगरात ऐकू यायचं, "बटा— घ्या! पाती— कां— घ्या! शे— ता— शे—!" मधूनमधून एक घुर्र आवाज. माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत 'इग्नातिस' खेळायची. एकाने डोळे मिचकवायचे आणि दुसऱ्याने त्या तालावर ओरडायचं. मी रागवायचे, पण तोंड फळ्याकडे करून.

त्या वर्षी फेब्रुवारीत गाडी पासिंगला नापास झाली. तपासनीसाने ब्रेक दाबायला सांगितला, वायपर हलले, आणि तो इतका हसला की त्याला खुर्ची घ्यावी लागली. मग डोळे पुसून त्याने सांगितलं, "आजोबा, ईस्टरच्या आत दुरुस्त करून आणा. नाहीतर नंबरप्लेट काढून घ्यावी लागेल."

प्लेट गेली म्हणजे फेरी गेली. नवी गाडी घेण्याचं इग्नातिसचं वय उरलं नव्हतं, ऐपत तर कधी नव्हतीच. वर डोंगरात आंबेलिया नावाचं गाव आहे. तिथे दुकान नाही, बहुतेक घरांत एकेकटी म्हातारी. तिथली फेरी हेच इग्नातिसचं आयुष्य. त्यातच हिवाळ्यापासून शहरातल्या एका तरुणाची पांढरी व्हॅन तिकडे जायला लागली होती. तिच्या भोंग्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, स्वच्छ, गोड, एकही अक्षर न गाळता. तिच्याकडून कोण काय घेतं हे इग्नातिसने आंबेलियात कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची त्याला भीती होती.

त्याची बायको मिर्सिनी मात्र तयारीला लागली होती. एका सकाळी मी त्यांच्या अंगणातून जात होते, तर ती दोरी घेऊन पिकअपचा हौदा मोजत होती.

"काय गं, काय मोजतेस?"

"कोंबड्यांचं घर, बाई. वर पत्रा टाकला की पंधरा तरी बसतील."

"अगं, पासिंग अजून व्हायचंय," आतून इग्नातिस ओरडला.

"कोंबड्यांना पासिंग लागत नाही," मिर्सिनी म्हणाली. "इंडिकेटरही नाही."

शेवटी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारी तो गाडी घेऊन पारास्केवासकडे गेला. पारास्केवास हा आमच्या स्कालातला गाड्यांची वीज बघणारा. हात चांगला, तोंड त्याहून सैल. मीही गेले, कारण त्याचं गॅरेज माझ्या दाराला लागून आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ऐकायचं होतं.

पारास्केवासने टेस्टर लावला, एका बोल्टवर टेकवला, दिवा लागला नाही. दुसऱ्यावर टेकवला, नाही. मग त्याने नखाने बोल्टच्या कडेला खरवडलं आणि नखाखाली आलेला निळा पापुद्रा बघत राहिला.

"काका, हे काय लावलंय?"

"बोटीचा रंग. उत्तम प्रतीचा. परवाच नवा हात दिलाय."

"बोल्टच्या खालीसुद्धा?"

"खाली तर आधी!"

पारास्केवास जमिनीवर बसला. "ऐका. बॅटरीतून वीज तारेने दिव्यापर्यंत जाते. परत यायला तिला वेगळी तार नसते. गाडीचं लोखंडी अंग हीच तिची परतीची वाट. त्यालाच अर्थिंग म्हणतात. तुम्ही त्या वाटेवर दर ईस्टरला एक भिंत बांधलीत. मग ब्रेकची वीज घरी कशी जाणार? ती इंडिकेटरच्या घरात घुसते, वायपरच्या खिडकीतून बाहेर पडते, भोंग्याच्या अंगणात धडपडते."

"म्हणजे दोष माझ्या रंगाचा?"

"रंग फार छान आहे. ही गाडी समुद्रात टाकली तरी बुडणार नाही. फक्त दिवे लागणार नाहीत."

इग्नातिसने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग काय करायचं?"

"खरवडायचं. सहा ठिकाणी, नाण्याएवढं. लोखंड चकाकेपर्यंत."

"ईस्टरच्या आठवड्यात? नव्या रंगावर? चार ठिकाणी खरवड."

"हा काय बाजार आहे, काका?"

"मी भाजीवाला आहे. मला सगळीकडे बाजारच दिसतो. पाच."

"सहा. आणि जाड तारांच्या नव्या पट्ट्या. एक बॅटरीपासून अंगाला, एक इंजिनापासून चासीला, आणि मागच्या दिव्यांना त्यांची स्वतःची. भोंग्यालाही वेगळी. नाहीतर मिर्सिनीकाकूंना सांगा, कोंबड्या घेऊन या."

 इग्नातिस तोंड फिरवून उभा राहिला, डॉक्टरकडे दात काढून घेताना लोक भिंतीकडे बघतात तसा.

पारास्केवासने तारेचा ब्रश चालवला. रंगाचे थर एकाखाली एक दिसायला लागले, निळ्याखाली निळा, त्याखाली जरा उन्हाने विटलेला निळा. अगदी खाली, लोखंडाला लागून म्हणावा असा एक हिरवा थर निघाला.

"हा कुठला हो?" पारास्केवासने विचारलं.

इग्नातिस वाकून बघायला लागला. बराच वेळ वाकलेला राहिला. "तो मिर्सिनीचा. लग्नाच्या वर्षी तिने निवडला होता."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा निळा."

त्याच वेळी मिर्सिनी त्याचा जेवणाचा डबा घेऊन दारात आली होती. उपासाच्या दिवसांतल्या शिजवलेल्या चवळ्या होत्या. तिने हिरवा ठिपका बघितला. "आणि तरी मी अजून इथेच आहे," ती म्हणाली. "यातच काय ते समजा, बाई." पण त्या दिवसानंतर मी तिच्या हातात दोरी बघितली नाही.

उघड्या लोखंडावर तारांच्या पट्ट्या आवळून बसल्या. पारास्केवासने वरून ग्रीस फासलं आणि इग्नातिसचा ब्रशकडे जाणारा हात धरला. "आता समुद्राला हे ग्रीस खाऊ दे. रंग नाही! शपथ घ्या."

"घेतली."

"कोणाची?"

"अरे, घेतली म्हणतोय ना!"

बुधवारी गाडी पास झाली. तोच तपासनीस होता. त्याने म्हणे शेजारच्या खोलीतल्या दोघांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. ब्रेक दाबला. वायपर जागचे हलले नाहीत. तिघेही जरा हिरमुसले.

गुरुवारी, म्हणजे घरोघरी अंडी लाल रंगवतात त्या दिवशी, मी इग्नातिसबरोबर आंबेलियाला निघाले. तिथे मी नोकरीच्या सुरुवातीला शिकवलं होतं आणि तेव्हाच्या माझ्या शेजारणीला, आसिमिनाला, भेटायचं होतं. गाडीचा हौदा भरलेला होता, बटाटे, पातीचा कांदा, कोशिंबिरीचा पाला, शेपूच्या जुड्यांवर जुड्या. ईस्टरच्या रात्रीच्या सूपाला शेपू नसेल तर आमच्याकडे त्याला कोणी सूप म्हणत नाही.

चढावर त्याने चारी इंडिकेटर लावले आणि माइक हातात घेतला. "बटाटे घ्या, पातीचा कांदा घ्या, शेपू घ्या, ताजा शेपू!" अख्खं वाक्य डोंगरावर जाऊन आपटलं आणि अख्खंच परत आलं.

इग्नातिसने माइक खाली केला. "बाई, माझा आवाज असा आहे?"

"असाच आहे."

"वडिलांसारखा आहे," तो म्हणाला. आणि पुढच्या वळणापर्यंत कारण नसताना चार वेळा हाक दिली.

आंबेलियाचा चौक खाली आहे, घरं वर अरुंद गल्ल्यांत. चौकातली गाडी घरातून दिसत नाही. भाजीवाला तिथे कानांनीच ओळखतात. इग्नातिसने गाडी उभी केली, फळ्या उघडल्या, शेपूवर पाणी शिंपडलं आणि हाक दिली. कोणी आलं नाही. पुन्हा दिली. वर कुठेतरी एक खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मग दुसरी. एक मांजर आलं, त्याने चाकाचा वास घेतला आणि तेही गेलं.

"अंडी रंगवत असतील," मी म्हणाले.

"दर वर्षी रंगवतात. दर वर्षी लाल हात घेऊन येतात." तो हौद्याच्या कडेवर बसला. चेहरा असा की मला तिकडे बघवेना. "व्हॅनवाल्याकडून घेतली असेल, बाई. काल आला असेल तो. बरोबरच आहे. त्याच्याकडे थंडगार पेटी आहे, सगळं ताजं राहतं." मग म्हणाला, "मिर्सिनीला सांगतो, पंधरा नाही, वीस कोंबड्या बसतील."

मी आसिमिनाच्या दाराशी गेले. कडी वाजवली. आतून आवाज आला, "नकोय आम्हाला काही!"

"अगं आसिमिना, मी आहे."

दार चार बोटं उघडलं. लाल झालेली चार बोटंही दिसली. "बाई! या या, पटकन आत या. तो गेला का?"

"कोण?"

"तो शहरातला व्हॅनवाला. आता पुरुषाचा आवाज लावलाय मेल्याने. बघा तरी, किती गुळगुळीत बोलतो! आम्ही सगळ्याजणींनी ठरवलंय, त्याला एक जुडी विकू द्यायची नाही. दोन महिने तो येतो, दोन महिने आम्ही दारं लावतो. आमचा इग्नातिस यायचाय." मग तिला काहीतरी सुचलं आणि तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "तुम्ही कशा आलात? त्याच्या गाडीतून? बाई, इग्नातिसला कळलं तर त्याला काय वाटेल!"

मला हसू आवरेना. आसिमिनाला वाटलं मी म्हातारपणाने बिघडले. मी तिला सगळं सांगितलं, रंग, खरवडणं, पट्ट्या. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

"तो इग्नातिस नाही," ती ठामपणे म्हणाली. "इग्नातिस असं बोलत नाही. त्याला म्हणावं, तू खरा असशील तर नीट ओरड."

मी चौकात आले आणि निरोप जसाच्या तसा दिला. इग्नातिस आधी माझ्याकडे बघत राहिला. "दारं लावतात?" त्याने विचारलं. "त्याला? दोन महिने?"

"दोन महिने."

त्याने नाक शिंकरलं, रुमाल घडी करून ठेवला, पुढे जाऊन बसला. इंडिकेटर चालूच होते. समोरच्या काचेखाली लहान हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्यावर डोळे रोखून, माइक ओठांना लावून तो म्हणाला, "बटा—". दिवा लागला, त्याने तोंड मिटलं. विझला, उघडलं. "घ्या! पाती—" पण इथे ताल चुकला आणि नको ते अक्षर बाहेर पडलं. पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यभर जे गाडीने फुकट केलं ते स्वतः करायला फार कठीण होतं. तिसऱ्यांदा मात्र जमलं: "बटा— घ्या! पाती— कां— घ्या! शे— ता— शे—!" आणि शेवटी घशातून त्याने तो घुर्र आवाजही काढला. तो मी सांगितला नव्हता.

वर एक खिडकी उघडली. मग धडाधड दारं. गल्ल्यांतून लाल हातांच्या म्हाताऱ्या टोपल्या घेऊन उतरायला लागल्या, सगळ्यांच्या पुढे आसिमिना, तोंडाने त्याला शिव्या घालत. "उशीर किती हा! आणि काय रे, मघाशी तो कोण ओरडत होता?"

"कोणी नाही," इग्नातिस म्हणाला. "तो गेला."

शेपू संपला. माझ्यासाठी मी बाजूला ठेवलेली जुडीसुद्धा कोणीतरी उचलली.

संध्याकाळी आम्ही स्कालात उतरलो तेव्हा हौद्यात बटाट्यांची माती तेवढी होती. तरी गावात शिरताना त्याने माइक घेतला आणि तसंच, तालात, तुटक ओरडायला सुरुवात केली. पहिल्याच वळणावर पारास्केवास गॅरेजातून धावत बाहेर आला, एका हातात पान्हा, दुसऱ्यात तारेचा ब्रश, तोंडाचा रंग उडालेला.

"थांबा! थांबा, काका! कुठली पट्टी सुटली? तुम्ही रंग लावलात ना? खरं सांगा, लावलात ना?"

इग्नातिसने ब्रेक दाबला. वायपर हलले नाहीत, दिवे जिथे लागायचे तिथेच लागले. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुझं काम ठणठणीत आहे, पोरा. बिघाड आता मी तोंडाने करतो."