वाळूवरची टाकी

घरामागच्या केळीच्या वाडीतली पाण्याची टाकी पुन्हा कलली आणि बाबा माझ्यावरच उखडले.

"दिवसभर लोकांची माती तपासतेस, आणि घरची टाकी सरळ उभी राहीना!"

बांधकामाआधी जागेची माती तपासणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आई गेल्यापासून बाबा होळी गावातल्या घरी एकटेच. शहरात एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर चला म्हटलं की म्हणायचे, "तिथे काय कबुतरं मोजू?" म्हणून ऑफिस सुटलं की मीच रोज स्कूटरवरून त्यांच्याकडे जायचे, भाजी-भाकरी करायचे, गप्पा मारून परत निघायचे. एक दिवस चुकवत नसे, आणि हे चारचौघांत ऐकवतही असे.

तुटलेला पाइप जोडता जोडता बाबांनी विचारलं, "घर टाकीपेक्षा कितीतरी जड. मग ते का नाही खचत?"

माझ्या आवडीचा विषय. मी खुर्चीच ओढली. आमची जमीन वाळूची. घराचं ओझं तिच्यावर एकदाच आलं. कण सरकले, एकमेकांत घट्ट बसले, संपलं. टाकी मात्र सकाळी भरते आणि केळींना पाणी देऊन संध्याकाळी रिकामी होते. दर खेपेला कण केसभर सरकतात, आणि ओझं उतरलं तरी पुरते मागे येत नाहीत. एका बाजूची वाळू सैल, म्हणून टाकी तिकडे झुकते. रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही, कळतं ते पाइप तुटल्यावर.

बाबांनी पाना खाली ठेवला.

"मग माझंही तसंच झालंय गो. तुझी आई गेली, ते ओझं मोठं, पण एकदाच आलं. बसलो त्याच्याखाली. तू रोज येतेस, घर भरतं, आणि जेवण झालं की उठतेस. मला रोज नव्यानं सोसावं लागतं. राहायचं तर दोन दिवस राहा. असं रोज येऊ नकोस."

मला भयंकर राग आला. इतकं करून हे ऐकायचं! घरी पोचेपर्यंत रडत होते.

आता मी शनिवारी जाते आणि सोमवारी तिथूनच ऑफिस गाठते. बाबांची चिडचिड थांबली आहे, झोपही लागते म्हणतात. फ्लॅटवर माझी माणसं वाट बघत असतात, तरी मधल्या दिवसांत ऑफिस सुटलं की कुठे जायचं ते मला कळत नाही.