मालदीवचा चिवडा

समोरच्या खिडकीत सुमनकाकू पंखा बंद करून पोहे भाजतायत. बाहेर पाऊस असा, की गल्लीत एखादा देवमासा वाट चुकून आला तरी कुणी वळून बघणार नाही. आणि उकाडा असा, की भिंतींनाही घाम फुटलाय. सादळलेले पोहे मंद आचेवरच भाजावे लागतात आणि पंख्याने गॅस फडफडतो. म्हणून काकू पदराने कपाळ टिपतात आणि पुन्हा झारा फिरवतात.

हा चिवडा माझ्यासाठी आहे. परवा जिन्यात मी त्यांना सांगितलं, की पुढच्या आठवड्यात मालदीवला निघालोय, भर समुद्रात खांबांवर खोली घेतलीय, पलंगावरून पाय सोडला की मासे गुदगुल्या करतात. प्रत्यक्षात माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. दर पावसाळ्यात मी अशी एक सहल बोलता बोलता आखतो, लोक हसतात, विषय संपतो. थापेला काही खर्च नसतो, असंच मला वाटायचं. ती खरी धरून कुणी असं घामाघूम होत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

न राहवून मी खिडकीतून हाक मारली, "काकू, राहू द्या हो."

"गप रे! तिकडे तुला कोण देणारे खायला?"

"काकू, मी कुठेच जात नाहीये. उगाच बोललो होतो."

झारा थांबला. कढईकडे बघतच त्या म्हणाल्या, "अरे, मी देवळात सगळ्या बायकांना सांगून आले, आमचा पोरगा विमानाने चाललाय म्हणून."