इस्त्रीच्या वाफेला आलेला वास

नवी नवरी असताना इस्त्रीवालीनं पडद्याआडून सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं होतं. सासरे विडी सोडल्याची शपथ घेत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, "माझ्या डोक्यावर हात ठेवून नको. मला अजून जगायचंय."

सासरे पुढं खोकून खोकूनच गेले. हिनं तेव्हापासून मनाशी गाठ मारली, धुराच्या बाबतीत पुरुषाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, खिशावर ठेवायचा.

पुढं इस्त्रीचाच धंदा पत्करला, मग काय, सगळ्या गल्लीचे खिसे हाताखाली आले. खिसा उलटा करून झटकल्याशिवाय ती कपड्याला इस्त्री लावायची नाही. तंबाखूचा चुरा राहिला तर पिवळा डाग पडे आणि बोलणी तिला बसत.

मग सरकारनं कायदा कडक केला. शाळा-दवाखान्याजवळच्या टपऱ्या उठल्या, कामावर ओढायला बंदी आली, बॅटरीवरच्या सिगारेटी तर विकायच्याच नाहीत असं ठरलं. खिसे स्वच्छ निघू लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. इस्त्रीवालीला मात्र पटेना. एवढी सगळी माणसं एकदम शहाणी कशी झाली?

तिचा खरा घोर घरातच होता. नवरा कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. छाती निम्मी कामातून गेलेली. आता पुन्हा ओढलीत तर नळी लावून श्वास घ्यावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं. सोडली म्हणाला. खिसेही तसंच सांगत होते.

एक दिवस त्याच्या सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, तर वाफेबरोबर गोड वास वर आला. पिकल्या फळासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. हे अत्तर कुणाचं? कारखान्यात नव्या बायका कामाला लागल्या होत्या, त्यातली एकेक तिनं मनातल्या मनात तपासली. घरात बोलणं बंद, ताट आदळणं सुरू. शेवटी राहवेना.

"कोण आहे ती?"

नवऱ्याला हसू आलं, हसता हसता खोकला आला. या वयात असला आळ काही सोसवेना, म्हणून त्यानं मोज्यातून बॅटरीवरच्या सिगारेटीची चकचकीत नळी काढली. "ही घे तुझी सवत. धूर नाही गं यात, नुसती वाफ."

"बाई असती तर झिंज्या धरून हाकलली असती," ती म्हणाली. "हिला कुठं धरू?"

टपरी उठवली म्हणून हे चोरून आणावं लागतं, असं तो कुरकुरला. तेही तिला पटलं नाही. गल्लीतल्या बसकंडक्टरची सिगारेट त्याच कायद्यानं सुटली होती. डेपोजवळ मिळेना, लांब जायचा कंटाळा, असं करत सुटलीच त्याची. हिचा नवरा तेवढा आळशी नव्हता, हीच पंचाईत.

नळी तिनं कांजीच्या बादलीत बुडवली आणि तेव्हापासून कामावरून आला की त्याला गठ्ठे पोचवायला बरोबर घेऊ लागली. नजरेआड सोडायचंच नाही. हळूहळू तो जिना चढू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंदीचा गुण. नवरा म्हणाला, माझ्या निश्चयाचा. ही दोघांचंही ऐकून घेई आणि मोजे झटकून बघे.

एका संध्याकाळी दोघं नेहमीसारखी गठ्ठे घेऊन निघाली. ती तिची शेवटची संध्याकाळ, दुसरा दिवस तिनं पाहिला नाही, पण तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. कंडक्टरच्या दारात तिनं कपडे दिले, एक हँगर कमी आहे म्हणून त्याच्याशी हुज्जत घातली, तो पलंगाखालून काढायला लावला. मागून नवरा वर आला, सावकाश, पण कुठं न टेकता. तिनं हँगर त्याच्या हातात दिले आणि पुढं होऊन जिना उतरू लागली.