न बघता खेळणारी काकू

"ही जिंकली तरी कुणाला कळायचं नाही. बोलतेय कुठे!" स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळ्यांचं हसू. 'ही' म्हणजे मी. मनवेलपाड्याच्या आमच्या घरी, गणपतीसमोरच्या सतरंजीवर मी पत्ते धरून बसले होते. समोर धाकटी काकू. घरच्या पोकर स्पर्धेत आम्ही दोघीच उरलो होतो.

माझ्या धाकट्या काकूइतकं वाईट पोकर अख्ख्या पालघर जिल्ह्यात कुणी खेळत नसेल, आणि तिच्याइतकं कुणी जिंकतही नसेल. पूर्वी आमच्याकडे गणपतीत तीन पत्ती चालायची. चुलतभावाने फोनवर बघून पोकर आणलं आणि सगळ्यांनी नवे नियम शिकून घेतले, काकू सोडून. तीन पत्तीत पत्ते न बघता खेळता येतं, तशीच ती पोकरमध्येही खेळते. आमच्याकडे पैसे नसतात, काकूच्या शिलाईच्या डब्यातली बटणं असतात. जवळची सगळी बटणं एकाच डावावर लावायची, म्हणजे ऑल-इन. हरलात तर उठायचं. हे कधी करावं यावर मी वर्षभर वाचते. आपली बटणं किती, समोरच्याची किती, हातात काय. काकू कुकरची शिट्टी झाली की करते. एकदा खाली भंगारवाला ओरडला म्हणून केलं. "आला बघ, चांगला शकुन आहे," म्हणाली, आणि बाबांनी घाबरून दोन राजे टाकून दिले. मी मात्र चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसते. दर डावाला थोडी बटणं सक्तीने टाकावी लागतात, त्यामुळे वाट बघता बघता माझा ढीग संपतो.

हरण्याचं एवढं काही नसतं. पण आमच्या घरी जो जिंकेल तो पुढच्या वर्षीचं मखर ठरवतो. मी इंटिरियर डिझाइन शिकलेय. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून दर गणपतीला एका मखराचं चित्र काढून कपाटात ठेवते. आणि काकू? एका वर्षी तिने गास गावाहून केळीचे घड आणून बाप्पाला बागेत बसवलं. मुंग्यांनी मोदकही सोडले नाहीत. नंतर मिठागर केलं, खऱ्या मिठाचं. भर पावसाळ्यात! तिसऱ्या दिवशी मिठाचं पाणी होऊन पाटाखालून ओघळ निघाला. मला वाटलं, आता तरी कुणीतरी हिला बोलेल. तर शेजारच्या काकी पदर सावरत म्हणाल्या, "अगं, समुद्रच आणलास की!" आणि सगळी बिल्डिंग समुद्र बघून गेली. माझ्या हातून पाटावर पाण्याचा थेंब सांडला असता तर आईने मला फडकं आणायला पाठवलं असतं.

माझं दुखणं हेच आहे. तिचं चुकलेलंही लोकांना आवडतं. रिक्षावाला तिच्यासाठी थांबतो, भाजीवाली तिला कोथिंबीर देऊन वर स्वतःच्या लेकाच्या लग्नाबद्दल सल्ला विचारते. गोखिवऱ्याला कुणाच्या बारशाला गेली तर बाळाऐवजी तिच्याभोवती घोळका. मीही हसते तिच्या विनोदांना, सगळ्यांच्या थोडं नंतर, आणि मनात म्हणते, यात एवढं काय आहे? मग घरी येऊन तेच वाक्य आरशासमोर तिच्यासारखं म्हणून बघते. जमत नाही.

तर त्या दुपारी माझ्या हातात दोन राण्या होत्या. माझ्या सगळ्या अभ्यासाप्रमाणे हाच तो डाव होता. आणि माझं तोंड उघडेना. तेवढ्यात काकूने पत्ते जमिनीवरच ठेवून आपली सगळी बटणं पुढे लोटली. "ऑल-इन! बघायचं कशाला?" स्वयंपाकघरातले सगळे दाराशी गोळा झाले. चुलतभाऊ म्हणाला, "काकू, या वेळी तरी बघ!"

"गप रे. आमचं चाललंय." मग ती माझ्याकडे वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मॅडम, कपाट आवरताना तुझी चित्रं बघितली मी. ते बांबूचं मखर. काय सुंदर काढलंयस गं! एवढ्या वर्षांत दाखवलं का नाहीस? लाव तू. माझ्याकडे काय यायचंय डोंबल, आणि आलं तरी मी न दाखवताच टाकून देईन."

तिला मनापासून वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिथेच माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी तिचा हेवा केला, आणि ती माझ्यासाठी हरायला बसली होती. हरतानाही हिच्याइतकं चांगलं मला दिसता येणार नव्हतं. तिच्या बोटांना सुईने टोचल्याच्या खुणा होत्या, केसांत सकाळच्या पूजेचं एक दूर्वांचं पातं अडकलं होतं. ते काढावंसं वाटलं. दारातून आत्या म्हणाली, "बोल गं बाई, संध्याकाळची आरती व्हायचीय!"

मी माझी बटणं दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

"काकू, तू आधी पत्ते बघ," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि टाकून द्यायचे नाहीत, जिंकायला खेळ. मी ऑल-इन आहे."