हळदीच्या मांडवात ड्रम अँड बेस

नातवाच्या हळदीला त्याच्या बहिणीनं मांडवात मोठा स्पीकर लावला आणि माझी प्लास्टिकची खुर्ची गुरगुरायला लागली. वरती ढोल असा, की पत्र्यावर कुणी चिंचोके ओततंय. खाली मात्र जाडजूड आवाज, पोटात शिरून बसणारा. मधे कुणी परदेशी बाबा न थांबता बडबडत होता. मुरबाड स्टँडवर जीपवाले ‘कल्याण, कल्याण, कल्याण’ करतात ना, तस्सा, पण रागावून.

“आजी, ह्याला ड्रम अँड बेस म्हणतात. तो बोलतोय ना, ते ग्राईम,” नात म्हणाली. “कमी करू?”

“कमी कशाला? माझे पाय आत्ताच जागे झालेत.”

समोर घाणा चालला होता. आंब्याची पानं बांधलेली मुसळं घेऊन सवाष्णी उखळात हळद कुटत होत्या, एकीचं वर तर दुसरीचं खाली. आमचे हे गेल्यापासून घाण्याला मला कुणी नको म्हणालं नव्हतं. ये असंही कुणी म्हणालं नव्हतं. मी आपली खुर्चीत, हात मांडीखाली दाबून. हात ऐकेनात.

नवी नवरी होते तेव्हाही ऐकायचे नाहीत. दिराच्या लग्नात पहिल्यांदा मुसळ मिळालं तर काय तो माझा तोरा! नाकात नथ, अंगात वारं. अशी कुटत सुटले की हळकुंड उडून थेट सासूबाईंच्या चहात. मला वाटलं, अख्खा मांडव माझ्याकडे कौतुकानं बघतोय. बघत होता खरा, पण हळकुंडं चुकवायला!

गाणं आणखी चढलं. सवाष्णींचा ठेका चुकला, मुसळावर मुसळ आपटलं. सूनबाई वैतागली, “बंद कर गो ते! हात चालत नाय आमचे.”

मी उठले आणि तिच्या हातातलं मुसळ घेतलं.

समोरच्या सवाष्णीनं आपलं मुसळ खाली ठेवलं. स्पीकर तेवढा धडधडत होता.

“तू?” मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं कुंकू अजून शाबूत आहे. “तुला चालतं काय गो?”

“नवरदेवाला विचारा.”

पाटावरून नातू म्हणाला, “हळद माझी हाय. आजीच कुटंल.”

मी मुसळ उचललं. तो चिंचोक्यांचा ढोल सोडला आणि खालचा जाड आवाज धरला. दोन घाव घातले, चार घातले. समोरचं मुसळ कुणी घेईना. एकटीनं घाणा भरत नाहीत.

मग जाऊबाईंनी पदर खोचला. “हळू मार. तुझी हळकुंडं मला ठाव हायत.”

हळू कुठलं! एकमेकींवर डोळे वटारत आम्ही कुटत राहिलो. पिवळी धूळ उडाली, सुना मागे सरकल्या.

“आजी, गाणं संपलं!” नात ओरडली.

“मग परत लाव की,” जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या.